पौर्णिमा, मद्यविक्रीबंदी आणि सहलींचा व्यवसाय

मुंबई-पुण्याहून थायलंड आणि श्रीलंकेला पर्यटकांचे गट नेण्याचा व्यवसाय आता चांगलाच वाढला आहे. २०२४ साली २० लाखांहून अधिक भारतीय थायलंडला जाऊन आले. श्रीलंकेत गेलेल्यांची संख्याही चार लाखांवर होती. या दोन्ही देशांत काही बौद्ध सणांच्या दिवशी मद्यविक्रीला मनाई असते. ज्यांना मद्याशी काही देणेघेणे नाही, अशा व्यावसायिकांनीही हा नियम समजून घ्यावा, असे आम्हास वाटते. कारण करारात कबूल केलेली मेजवानी त्या दिवशी रद्द झाली, तर पैसे परत मागणारे गिऱ्हाईक सहल नेणाऱ्याच्याच दारात येते.

थायलंडमध्ये असे पाच दिवस आहेत. माखा बुचा, विसाखा बुचा आणि आसान्हा बुचा हे तीन पौर्णिमेचे सण. आपल्या माघ, वैशाख आणि आषाढ या महिन्यांची नावे त्यांत सहज ओळखू येतात. आसान्हा बुचाच्या दुसऱ्या दिवशी भिक्षूंचा वर्षावास सुरू होतो, तो दिवस खाओ फन्सा. साधारण ऑक्टोबरात वर्षावास संपतो, तो ओक फन्सा. मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत विक्री बंद असते. जुलैच्या सुमारास दोन सण लागोपाठ येत असल्याने ही बंदी सलग ४८ तास चालते.

आपल्याकडे २ ऑक्टोबर किंवा १५ ऑगस्टचा कोरडा दिवस ठरलेल्या तारखेला येतो. तिकडचे दिवस चंद्रावर चालतात. विसाखा बुचा २०२४ साली २२ मे रोजी होता, तर २०२५ साली ११ मे रोजी. आपले पंचांग पाहून हिशेब करावा, तर तेथेही फसगत होते. २०२३ साली आपल्याकडे बुद्धपौर्णिमा ५ मे रोजी झाली. श्रीलंकेतही वेसाक त्याच दिवशी होता. थायलंडमध्ये मात्र विसाखा बुचा ३ जूनला आला. थाई पंचांगात अधिक महिना नेहमी आषाढालाच जोडतात आणि त्या वर्षी आधीचे सणही एक महिना पुढे सरकतात. त्यातच ३ जूनला शनिवार होता, म्हणून कार्यालयांना सोमवारी बदली सुटी मिळाली. बंदी मात्र शनिवारीच होती. तेव्हा सुट्यांची यादी पाहताना मूळ सण कोणता आणि बदली सुटी कोणती, हे नीट तपासावे.

श्रीलंकेत दर पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशी मद्याची दुकाने बंद राहतात आणि मांसविक्रीही होत नाही. वेसाकला तर सुटी दोन दिवसांची असते. मात्र त्याच दिवसांत रस्तोरस्ती कंदील लागतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट जेवण देणारे ‘दानसल’ उभे राहतात. जाणकार व्यावसायिक त्या संध्याकाळी गटाला कंदील पाहायला नेतो.

थायलंडमधील नियमाचा आधार २००८ चा मद्यनियंत्रण कायदा. मनाईच्या दिवशी विक्री करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार बातपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात ठेवली होती. पुढे काही वर्षे हॉटेलांनाही सवलत नव्हती. पर्यटन वाढावे म्हणून सरकारने ११ मे २०२५ च्या विसाखा बुचाच्या तोंडावर नियम सैल केला. आंतरराष्ट्रीय विमानतळ, हॉटेले, परवानाधारक करमणुकीची ठिकाणे आणि मोठ्या राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांच्या जागा यांना विक्रीची मुभा मिळाली. नाक्यावरची दुकाने आणि सुपरमार्केट यांना ती मिळाली नाही.

खरा प्रश्न येथे आहे. बंदी धर्मदिनाच्या आदरासाठी असेल, तर मोठ्या हॉटेलातील मद्य चालते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील चालत नाही, हे कसे? आणि ती प्रवाशांच्या सोयीसाठी सैल करायची असेल, तर स्वस्त खोलीत उतरणाऱ्या प्रवाशाने काय करावे? त्या दिवसाची विक्री बंद झाली नाही, ती फक्त लहान दुकानदाराच्या गल्ल्यातून उठून मोठ्या हॉटेलाच्या गल्ल्यात गेली. आमच्या मते दोन्ही बाजूंना सारखा लागू होणारा नियम, मग तो कडक असो वा सैल, दुकानदाराला अधिक मानवतो.

सहल नेणाऱ्यांनी मात्र एवढे करावे. तारखा पक्क्या करण्यापूर्वी त्या त्या देशाची सणांची यादी मागवावी. मेजवानीची संध्याकाळ त्या दिवशी ठेवू नये. हॉटेलाला सवलत लागू आहे का, हे लेखी विचारावे आणि गटाला निघण्यापूर्वीच सांगावे. बंदी आधी कळलेली असली की प्रवासी तिच्याबद्दल कुरकुर करत नाहीत. दुकानाच्या दारात गेल्यावर कळली, तर मात्र सगळी सहलच फसली असे त्यांना वाटते.