राहत्या घरातला मुलीचा वाटा

वडील वारले, मागे राहतं घर राहिलं. ते आता कोणाचं? लोक चटकन म्हणतात, "मुलांचं. मुली काय, दिल्या घरी गेल्या!" श्रोतेहो, कायदा असं म्हणत नाही.

मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित घरात विधवा, आई, मुलगे आणि मुली यांना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने सारखे वाटे दिले. अडचण एकच होती. घरात कुटुंब राहत असेल, तर भाऊ वाटणी करीपर्यंत मुलीला ती मागता येत नसे. २००५ साली हे कलमही गेले.

ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर एकट्या भावाचं नाव लागलं, म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही. तो उतारा घरपट्टीपुरता. त्याने मालकी ठरत नाही. हक्क जातो तो नोंदलेल्या हक्कसोडपत्राने. म्हणून भगिनींनो, सही-अंगठ्यापूर्वी कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल, तर गावच्या गुरुजींकडून वाचवून घ्या.

आणि घर विकत घेणाऱ्यांनी विकणाऱ्याला बहिणी किती, हे आधी विचारावं. खरेदीखतावर त्यांच्या सह्या नसतील, तर त्यांचा वाटा विकलाच गेला नाही. मग पैसे देऊनही दावा तुमच्याच दारी येतो.