अवटू ग्रंथीतील गाठी व आत्मप्रतिरक्षाजन्य विकार

गळ्याच्या पुढील भागात असणाऱ्या अवटू ग्रंथीतील मर्यादित व वेगळ्या ओळखता येणाऱ्या वाढीस गाठ म्हणतात. बहुतेक गाठी सौम्य असतात. थोड्या मारक निघतात. शरीराची प्रतिरक्षा यंत्रणाच या ग्रंथीविरुद्ध कार्य करू लागल्यास हा भेद ओळखणे अधिक अवघड होते.

अशा विकारांपैकी एकाचे वर्णन हाकारू हाशिमोटो या जपानी शस्त्रक्रियाविशारदांनी १९१२ मध्ये केले. त्यात लसीका कोशिका ग्रंथीत शिरून तिचा हळूहळू नाश करतात. रुग्णांच्या रक्तातील ग्रंथीविरोधी प्रतिपिंडांचा शोध १९५६ मध्ये लागला. ग्रेव्ह्ज रोगात याउलट ग्रंथी अतिक्रियाशील होते.

पुणे जिल्ह्यातील लोणावळा व मावळचा परिसर डोंगराळ आणि अतिपर्जन्याचा आहे. अशा प्रदेशांतील जमिनीतून आयोडीन धुपून जात असल्याने गळ्यावरील प्रत्येक सूज आयोडीनन्यूनतेचा गलगंड समजली जाण्याचा संभव असतो. तथापि २००६ पासून भारतात खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीस बंदी आहे. म्हणून केवळ प्रदेशावरून निदान करणे योग्य नव्हे. शिवाय स्वतःहून जादा आयोडीन घेतल्यास हाशिमोटो विकार बळावू शकतो.

परीक्षणात प्रथम रक्तातील अवटू-उद्दीपक हॉर्मोनाचे प्रमाण पाहतात. ते कमी असल्यास किरणोत्सर्गी द्रव्याने ग्रंथीचे चित्रण करतात. द्रव्य अधिक शोषणारी ‘उष्ण’ गाठ क्वचितच मारक असते. ग्रेव्ह्ज रोगातील ‘शीत’ गाठीची मात्र पुढील तपासणी आवश्यक ठरते. प्रमाण प्राकृत वा अधिक असले, तरी श्राव्यातीत ध्वनिचित्रण करतात. हाशिमोटो विकारात ग्रंथी असमान दिसते व दाहाची क्षेत्रे गाठींचा आभास निर्माण करतात. अनियमित कडा, रुंदीपेक्षा अधिक उंची, सूक्ष्म कॅल्शियम कण आणि मानेतील संशयास्पद लसीका ग्रंथी ही लक्षणे शंका वाढवितात.

संशयास्पद गाठीतील कोशिका बारीक सुईने शोषून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दाहामुळे कोशिकांचे रूप बदलत असल्याने निष्कर्ष कधीकधी अनिश्चित राहतो. तेव्हा पुनर्परीक्षण करावे लागते. रक्तातील प्रतिपिंडे मूळ विकार सुचवितात. गाठ सौम्य की मारक हे त्यांवरून ठरत नाही.

हाशिमोटो विकारात गाठ झपाट्याने वाढल्यास लसीका ऊतकाच्या दुर्मिळ कर्करोगाची शक्यता लक्षात घ्यावी लागते. आवाज बसणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास होणे ही लक्षणे असल्यास तपासणीस विलंब करू नये. याउलट सौम्य ठरलेल्या लहान गाठीस बहुधा नियमित निरीक्षण पुरते. दाह आहे म्हणून गाठ दुर्लक्षिणे आणि गाठ आहे म्हणून ग्रंथी काढणे, या दोन्ही चुका टाळणे हेच या परीक्षणाचे प्रयोजन होय.