शेवटच्या घरापर्यंत पाणी

उन्हाळा आला की मुंबईत पाण्याची ओरड सुरू होते. २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली. पावसाने तलावांत पाणी वाढले, २९ जुलैला कपात उठली आणि पुष्कळ लोक हा विषय विसरून गेले. परंतु घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या आपल्या माता-भगिनींना भर पावसातही तो विसरता येत नाही. त्यांची झोप, कामावर जाण्याची घाई आणि मुलांची शाळा नळाच्या वेळेवर ठरते.

"पाणी जपून वापरा" असे लिहिण्याआधी आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. जी बाई हंडे-कळशा वाहून पाणी भरते, तिला काटकसर शिकवण्याची गरज नाही. कपडे खंगाळलेल्या पाण्याने मोरी धुणे तिला कुणी शिकवलेले नाही. इमारतीतील माणसासाठी दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतील माणसासाठी ४५ लिटर, असे प्रमाण या शहराच्या पाणीवाटपात धरले गेले. बचतीचा उपदेश आधी कुणाला करावा, हे या दोन आकड्यांवरून कळते.

मग आपण बचत कशासाठी करायची? आपल्याच शेजाऱ्यासाठी.

वस्तीतली लाइन बहुधा एकच असते आणि पाणी थोडा वेळच येते. खालच्या घरांतील पिंप भरून वाहू लागले तरी नळ चालूच राहिला, तर टेकडीवरच्या घराच्या नळातून नुसती हवा येते. तेवढ्यात चावीवाला चावी फिरवतो आणि त्या घराचा दिवस कोरडा जातो. काही जण लाइनला थेट मोटार लावतात. ही तर शेजाऱ्याच्या हंड्यातली चोरी झाली. शिवाय गटाराजवळून जाणारी लाइन कुठे फुटकी असेल, तर मोटारीच्या ओढीने घाण पाणी आत शिरते. मग जुलाब, कावीळ साऱ्या गल्लीत पसरते आणि पहिला बळी लहान मुलांचा जातो.

आता आपल्या घरात पाहू. काल भरलेले पाणी "शिळे" झाले म्हणून नवे पाणी येताच ते मोरीत ओतायची सवय अनेक घरांत आहे. अन्न शिळे होते. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा, हात बुडवू नका. मात्र आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासून कोरडे केलेच पाहिजे, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. त्या दिवशीचे उरलेले पाणी कपड्यांना आणि संडासाला वापरावे.

दुसरी गोष्ट हप्त्यावर मिळणाऱ्या आर.ओ. यंत्राची. हे यंत्र पिण्याचे पाणी देताना बरेच पाणी नळीवाटे फेकून देते. ते खाऱ्या पाण्यासाठी आहे. पालिकेचे पाणी तलावाचे, गोडे असते. शंका आली तर ते गाळून, उकळून प्यावे. यंत्र घेतलेच असेल, तर नळीखाली बादली ठेवून ते पाणी लादी पुसायला घ्यावे.

तिसरी गोष्ट गळक्या नळाची. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला कित्येक लिटर पाणी. बोरिवली-दहिसरच्या पुढे मीरा रोडला राहणारे लेखक-व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ साली दर रविवारी प्लंबरला सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली. बहुतेक वेळा एक वायसर बदलला की काम भागते. आपल्या वस्तीतील तरुण मंडळांना हे जमणार नाही काय? जी कुटुंबे आता एसआरएच्या इमारतींत गेली आहेत, त्यांनी गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक तपासावा. टाकी ऊतू जाऊ लागली की घरोघरची बचत वाया जाते.

हे पाणी येते तरी कुठून? विहार आणि तुळशी हे लहान तलाव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात आहेत. बाकीचे पाणी दूर तानसा, वैतरणा, भातसाहून येते. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील अनेक आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आपण सांडलेल्या घागरीची किंमत तेही मोजतात.

पाण्याच्या वाटणीचा अर्थ आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. रावबहादूर बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांना खुले झाले होते. तो हक्क ओंजळीत यायला २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह करावा लागला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. याच उच्च न्यायालयाने २०१४ साली, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, झोपडी अनधिकृत असली तरी तेथील माणसाला पाणी नाकारता येणार नाही असे सांगितले. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तेव्हा नळजोडणीसाठी अर्ज करा, फुटलेल्या लाइनची तक्रार वॉर्ड ऑफिसात लेखी द्या आणि तिची पोच घ्या. हक्क सोडून बचत करायची नाही. पण हक्काचे पाणी आपल्या नळाला आले, की आपले भरताच नळ बंद करा आणि गल्लीतल्या शेवटच्या घरी जाऊन विचारा, "ताई, तुमच्याकडे पाणी पोचले का?"