पालेस्त्रिनाची मिस्सा : दंतकथा आणि वस्तुस्थिती

'मिस्सा पापे मार्चेल्ली' ('पोप मार्सेलस यांची मिस्सा') ही सोळाव्या शतकातल्या रोममधली सहा आवाजांची उपासना-रचना. संगीतकार पालेस्त्रिनाने ती रचली आणि पुढच्या पिढ्यांनी तिच्याभोवती दंतकथा विणल्या. त्या दूर केल्या की त्याची खरी करामत दिसते.

गैरसमज : ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बहुस्वरी, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटींच्या, गायनावर बंदी घातली होती.
वस्तुस्थिती : कॅथलिक चर्चची ही परिषद १५४५ ते १५६३ या काळात, मधे खंड पडत, भरली. चर्चमधल्या गायनावर तिथे कडक टीका झाली, हे खरं. पण १५६२च्या ठरावात एवढंच सांगितलं होतं, की वाद्यात किंवा गाण्यात कामुक, अशुद्ध असं काही मिसळलेलं संगीत चर्चबाहेर ठेवावं. बारीक नियम प्रांतोप्रांतीच्या धर्मसभांवर सोपवले गेले.

गैरसमज : ही मिस्सा ऐकून पोपचं मन पालटलं आणि चर्चसंगीत वाचलं.
वस्तुस्थिती : २८ एप्रिल १५६५ रोजी कार्डिनल व्हितेल्ली यांच्या घरी पोपच्या गायकांनी काही मिस्सा गायल्या. शब्द नीट कळतात का, हे त्यातून तपासायचं होतं. कोणत्या मिस्सा गायल्या, याची नोंद नाही. शिवाय धर्मपरिषद त्याआधीच संपली होती. 'पालेस्त्रिनाने संगीत वाचवलं' ही कथा १६०७ साली संगीतकार आगात्सारीच्या लेखनात दिसते. बाइनीने लिहिलेल्या पालेस्त्रिनाच्या १८२८च्या चरित्राने ती पसरवली आणि १९१७ साली फिट्सनरच्या ऑपेराने ती रंगमंचावर आणली.

गैरसमज : पोप मार्सेलस यांच्या आज्ञेवरून ती लिहिली गेली.
वस्तुस्थिती : पोप मार्सेलस दुसरे १५५५ साली अवघे बावीस दिवस गादीवर होते. त्या गुड फ्रायडेला त्यांनी गायकांना बोलावून बजावलं, की गाणं दिवसाच्या गांभीर्याला शोभेल असं हवं आणि शब्द कळले पाहिजेत. पालेस्त्रिना तेव्हा पोपच्या गायकवृंदात होता. आज्ञा देऊन ही मिस्सा लिहून घेतल्याचा मात्र पुरावा नाही. ती छापली गेली १५६७ साली, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला अर्पण केलेल्या मिस्सांच्या दुसऱ्या पुस्तकात.

गैरसमज : सहा आवाज एकत्र आले की शब्द हरवतात.
वस्तुस्थिती : मिस्सेचे 'ग्लोरिया' आणि 'क्रेदो' हे भाग लक्ष देऊन ऐका. दोन्हींत शब्द भरपूर आहेत, म्हणून पालेस्त्रिना बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एकच स्वर देतो आणि आवाज ते अक्षर एकाच वेळी उच्चारतात. सहाही आवाज सतत गात नाहीत. तीन-चार आवाज एक ओळ म्हणतात, पुढची ओळ दुसरे उचलतात आणि मोक्याच्या जागी सगळे एकत्र येतात. 'किरिये' या भागात शब्द मोजकेच. तिथे आवाज एकामागून एक शिरतात आणि एकेक अक्षर मनसोक्त लांबवलं जातं. अखेरच्या भागात, शेवटच्या 'आन्युस देई'त, तर आवाज सात होतात. शब्द किती आहेत हे पाहून स्वरांची वीण बदलणं, हेच त्याचं कसब.

गैरसमज : ही सलग ऐकायची मैफल आहे.
वस्तुस्थिती : तिचे भाग उपासनेत विखुरलेले असतात. 'किरिये' व 'ग्लोरिया' सुरुवातीला, 'क्रेदो' शुभवर्तमानाच्या वाचनानंतर, 'सांक्तुस' मुख्य प्रार्थनेच्या वेळी आणि 'आन्युस देई' कम्युनियनआधी. मधल्या जागा प्रार्थना, वाचन आणि एकस्वरी ग्रेगोरियन गायन भरून काढतात.

चर्चसंगीत वाचवल्याचं श्रेय या मिस्सेला द्यायची गरज नाही. 'क्रेदो'चे शब्द समोर ठेवून ती एकदा ऐका. सहा आवाजांतूनही प्रत्येक शब्द कसा स्पष्ट पोचतो, हे तुमच्याच कानांना कळेल.