कॉफी : भिजवून की ओतून?

सीमाभागातल्या अनेक घरांत सकाळी एका शेगडीवर चहाचे आधण असते आणि दुसरीवर कॉफीसाठी दूध. माहेर कन्नड आणि सासर मराठी, किंवा याच्या उलट असले, की ही दोन पातेली वर्षानुवर्षे शेजारी नांदतात. अलीकडे ओट्यावर तिसरा पाहुणा येऊ लागला आहे. बेंगळूरला नोकरी करणारी मुले सुटीला येताना नरसाळ्यासारखा ड्रिपर, कागदी गाळण्या आणि चिक्कमगळूरची ताजी भाजलेली कॉफी घेऊन येतात. दोन दिवस कौतुक होते. मुले परत गेली की ड्रिपर फडताळात जातो आणि महागाची कॉफी डब्यात शिळी होते. यात वस्तूचा दोष नसतो. ती आपल्या घराच्या सवयीला जुळते का, हे पाहायचे राहून गेलेले असते.

पद्धती मुळात दोनच आहेत आणि दोन्हींसाठी आपल्याकडे आधीपासून शब्द आहेत. एक भिजवण्याची, कन्नडमध्ये ‘नेनेसु’. दुसरी गाळण्याची, म्हणजे ‘सोसु’. पहिल्या पद्धतीत पूड आणि सगळे गरम पाणी काही मिनिटे एकत्र राहते आणि मग चोथा वेगळा केला जातो. दुसरीत पुडीवर वरून थोडे थोडे पाणी ओतले जाते आणि ते पुडीतून झिरपत खाली उतरते. उकळत्या पाण्यात पूड टाकून, झाकण ठेवून, मग फडक्यातून गाळलेली आजीच्या हातची कॉफी ही पहिल्या प्रकारची. पितळी किंवा स्टीलचा दोन मजली फिल्टर दुसऱ्या प्रकारचा, फक्त त्याची चाल फार संथ.

कागदाची गाळणी

कागदी गाळणीचा जन्म एका स्वयंपाकघरातच झाला. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कपातला कडवट गाळ नकोसा झाला होता. तिने पितळी भांड्याला भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. १९०८ साली तिने या युक्तीची नोंदणी केली. आज मुलांच्या हाती दिसणारा जपानी ‘व्ही सिक्स्टी’ ड्रिपर हा त्याच कल्पनेचा पुढचा अवतार. त्याच्या भिंती साठ अंशांच्या कोनात असतात, आत वळणदार कंगोरे असतात आणि तळाला एकच मोठे भोक. हे भोक पाणी अडवत नाही. त्यामुळे पाणी किती वेगाने उतरणार, हे पुडीचा जाडपणा आणि ओतणारा हात या दोघांवरच ठरते.

भिजवण्याच्या प्रकारात काचेचा फ्रेंच प्रेस येतो. त्यात धातूची जाळी खाली दाबून चोथा तळाशी बसवतात. तैवानमध्ये तयार झालेला ‘क्लेव्हर’ ड्रिपर मात्र दोन्ही पद्धतींचा मेळ घालतो. आकार नरसाळ्याचा, आत कागदी गाळणी, पण तळाला झडप. कपावर ठेवेपर्यंत झडप बंद राहते आणि कॉफी आतच भिजते. कपावर ठेवली की झडप उघडते आणि कॉफी गाळून उतरते.

फरक कशामुळे?

भिजवताना पाण्यात कॉफीचा अर्क जसजसा उतरतो, तसतसे ते पाणी भरत जाते आणि पुढचा अर्क सावकाश सुटतो. म्हणून चार मिनिटांची पाच झाली तरी फारसे बिघडत नाही. ओतण्याच्या पद्धतीत प्रत्येक वेळी पुडीला कोरे पाणी मिळते आणि ते नव्या दमाने अर्क ओढते. पाणी घाईने उतरले तर कॉफी पातळ आणि आंबट होते. पूड फार बारीक असून पाणी तुंबले तर कडू. हात बसला की मात्र कप स्वच्छ आणि हलका उतरतो आणि दाण्याचा मूळ सुगंध स्पष्ट कळतो. भिजवलेली कॉफी चवीला गोलाईची आणि अंगाने थोडी जड लागते.

एका कपाला १५ ग्रॅम पूड आणि २४० मिलिलिटर पाणी हे दोन्हींसाठी चांगले प्रमाण आहे. व्ही सिक्स्टीसाठी पूड मिठाएवढी बारीक, क्लेव्हरसाठी बारीक रव्यासारखी आणि फ्रेंच प्रेससाठी इडली रव्यासारखी जाड हवी. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यावा. ओतण्याच्या पद्धतीत प्रथम ३०-४० मिलिलिटर पाणी घालून अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे ताज्या पुडीतला कार्बन डायऑक्साइड फेसाळून निघून जातो. उरलेले पाणी तीन-चार वेळा ओतून एकूण तीन मिनिटांत काम संपवावे. क्लेव्हरमध्ये सगळे पाणी एकदम घालावे, एकदा ढवळावे, झाकावे आणि चार मिनिटांनी कपावर ठेवावे. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबले की ते कॉफीसाठी योग्य होते. थर्मामीटरची गरज नाही.

दूध, चिकोरी आणि आपला कप

खरी अडचण पुढेच आहे. आपल्या घरांतली कॉफी दुधाची असते. ड्रिपरमधून येते ती पिण्याजोगी पातळ कॉफी, फिल्टरचे घट्ट डिकॉक्शन नव्हे. तिच्यात दूध घातले की दोन्हींची चव जाते. शिवाय बाजारातल्या अनेक पुड्यांत चिकोरी असते. नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापलेले असते. चिकोरीने रंग आणि घट्टपणा येतो, तो दुधाला मानवतो. पण ड्रिपरमध्ये ती दाण्याची चव झाकून टाकते. म्हणून ड्रिपरसाठी चिकोरीविरहित पूडच घ्यावी. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी आपल्या कर्नाटकात पिकते. चिक्कमगळूर, कोडगू आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा चांगला दाणा शोधायला दूर जावे लागत नाही.

घरात कोणाचे कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉफीतला कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी गाळणी त्याचा बहुतेक भाग अडवते, फ्रेंच प्रेसची जाळी अडवत नाही. त्यांच्यासाठी कागद बरा.

हात कोणाचे?

निवड करताना चवीइतकाच विचार करणाऱ्या हातांचाही करायला हवा. ओतण्याच्या पद्धतीत प्रत्येक कपासाठी तीन मिनिटे केटली धरून उभे राहावे लागते. पाच माणसांच्या घरात ती पंधरा मिनिटे होतात आणि डबे, देवपूजा, शाळेची बस या सगळ्यांत ती बहुधा घरातल्या बाईच्याच वाट्याला येतात. इतरांना गरम कप देता देता तिचा स्वतःचा निवतो. भिजवण्याच्या पद्धतीत पाणी ओतले की चार मिनिटे हात मोकळे होतात. लिटरभराच्या फ्रेंच प्रेसमध्ये ६० ग्रॅम पूड घातली की चार जणांची काळी कॉफी एकदमच होते.

म्हणून दूध घालणाऱ्यांनी जुना फिल्टर काढू नये. त्या कामाला तोच उत्तम. काळी कॉफी पिणारे एक-दोघे असतील आणि सकाळ धावपळीची असेल, तर क्लेव्हर घ्यावा. आणि ज्याला ओतण्यातच आनंद वाटतो त्याने व्ही सिक्स्टी जरूर घ्यावा, मात्र केटली स्वतः हातात धरावी आणि रविवारी तरी घरातल्या सर्वांना आपण करून द्यावी.