जुनी जर्सी का विटते?

तुमच्यापैकी कोणी पोस्टाची तिकिटे जमवीत असेल, कोणी जुनी नाणी, तर कोणी आगपेटीवरची चित्रे. माझ्या भाच्याचा छंद जरा वेगळा आहे. तो फुटबॉलच्या जुन्या जर्सी जमवतो. त्याही कुणा मातब्बर संघाच्या नव्हेत, तर इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या संघाच्या. अर्धी निळी आणि अर्धी पांढरी अशी ही जर्सी आहे. हा संघ १८७५ साली स्थापन झाला. १८८८ साली ज्या १२ संघांनी फुटबॉल लीग सुरू केली, त्यांत तो होता. १९९५ साली त्याने लीगचे अजिंक्यपद मिळवले, आणि तेही तब्बल ८१ वर्षांनी. पुढे २०१२ साली तो पहिल्या श्रेणीतून खाली घसरला आणि २०१७ साली तर तिसऱ्या श्रेणीत गेला. तेथून पुढच्याच वर्षी तो एक पायरी वर आला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने हा संघ विकत घेतला, तेव्हापासून आपल्याकडच्या काही मुलांना त्याचे नाव माहीत झाले. माझा भाचा त्यांपैकीच एक.

नोकरीसाठी परगावी जाताना त्याने १९९० नंतरच्या दशकातील एक जर्सी माझ्या हवाली केली. "मामा, ही नीट सांभाळा," एवढेच तो म्हणाला. मी ती वडीगोद्रीच्या घरी नेली. प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्या आणि लोखंडी ट्रंकेत ठेवून दिली. ऊन नाही, धूळ नाही, उंदीर नाही. आणखी काय हवे?

तीन वर्षांनी ट्रंक उघडली तेव्हा पाठीवरचा रबरासारख्या छपाईचा आकडा मऊ पडून समोरच्या बाजूला चिकटला होता. तो सोडवायला गेलो तर त्याचे तुकडे निघाले. भाचा रागावला नाही, पण म्हणाला, "मामा, तुम्ही तर फिजिक्स शिकवता!" हे वाक्य मला चांगलेच लागले.

त्याच दिवशी गोठ्यात गेलो असता खुंटीवर दुसरी एक जर्सी दिसली. १९९५ साली, म्हणजे ब्लॅकबर्न अजिंक्य ठरले त्याच वर्षी, आमच्या शाळेचा कबड्डी संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता आणि हरला होता. सात खेळाडूंच्या सात जर्सी होत्या. त्यांतली आता ही एकच उरली आहे. खिडकीकडचा तिचा उजवा खांदा पांढराफटक झाला आहे आणि आतली बाजू अजून गर्द तांबडी आहे.

एक जर्सी अंधारात बिघडली, दुसरी उजेडात. असे का झाले, ते आज आपण पाहू.

कापसापासून टेरिलीनपर्यंत

प्रथम कापडाची ओळख करून घेऊ. ब्लॅकबर्न हे गाव लँकेशायर परगण्यात आहे. हा परगणा म्हणजे एके काळची कापडगिरण्यांची राजधानी. एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत कातणारे 'स्पिनिंग जेनी' हे यंत्र जेम्स हारग्रीव्हज याने १७६४ च्या सुमारास ब्लॅकबर्नच्या शेजारीच तयार केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. अमेरिकन कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. तेव्हा आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून तिकडे जाऊ लागला. त्याचा तंतू आखूड असल्याने तो यंत्रावर वारंवार तुटे, अशी तेथील विणकरांची तक्रार असे. पुढे सप्टेंबर १९३१ मध्ये ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेन येथे महात्मा गांधी जाऊन राहिले आणि गिरणी कामगारांना भेटले. वडीगोद्रीच्या काळ्या रानात बोंडे वेचणाऱ्या माणसाचा आणि त्या गावाचा संबंध असा जुना आहे.

या गिरणी कामगारांचा खेळाशी काय संबंध? फार मोठा आहे. ३१ मार्च १८८३ रोजी लंडनमध्ये एफ. ए. कपाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला ईटन या श्रीमंतांच्या शाळेचे माजी विद्यार्थी होते, तर दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक हा विणकर, सूत कातणारे व इतर कारागीर यांचा संघ होता. जादा वेळेत जिमी कॉस्टली या सूत कातणाऱ्या तरुणाने गोल केला आणि ऑलिम्पिकने सामना २-१ असा जिंकला. कामगारांच्या संघाने हा करंडक जिंकण्याची ही पहिलीच वेळ. सहा वर्षांनी, १८८९ साली, पैशाअभावी तो संघ बंद पडला.

त्या काळची जर्सी कापसाची किंवा लोकरीची असे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सेल्युलोजच्या लांब साखळ्यांना पाणी प्रिय असते. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतील सुमारे ८.५ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. त्यामुळे सामन्यात कापसाची जर्सी घामाने व पावसाने जड होई.

यावर उपाय निघाला तोही त्याच परिसरात. ब्लॅकबर्नपासून जवळच अ‍ॅक्रिंग्टन हे गाव आहे. तेथे व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली पॉलिएस्टरचा नवा तंतू शोधून काढला. त्याचे नाव टेरिलीन. आपल्याकडे 'टेरिकॉट' म्हणतात त्या कापडातील 'टेरि' तो हाच. याच गावचा अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा गरीब फुटबॉल संघ १९६२ साली लीगमधून बाहेर पडला आणि ४४ वर्षांनी, २००६ साली, परत आला. टेरिलीनच्या १०० ग्रॅम तंतूत जेमतेम ०.४ ग्रॅम पाणी मावते. म्हणून ते चटकन वाळते. पाणी नसल्यामुळे त्यावर साठलेला विद्युतभारही सहज निघून जात नाही. हिवाळ्यात टेरिकॉटचा सदरा काढताना तडतड आवाज येतो, तो यामुळेच.

उजेड रंग कसा खातो?

आता गोठ्यातल्या जर्सीकडे वळू. प्रकाश हा फोटॉन नावाच्या पुडक्यांच्या रूपाने येतो. एका पुडक्याची ऊर्जा काढण्याचे सोपे सूत्र असे : १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागा, म्हणजे उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशासाठी हे उत्तर १.८ येते. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्यासाठी ३.१ आणि ३५० नॅनोमीटरच्या अतिनील किरणासाठी ३.५ येते. कार्बन व नायट्रोजन यांच्यातील साधा बंध तोडायला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, तर दोन कार्बनमधील साध्या बंधाला सुमारे ३.६. म्हणजे अतिनील किरणाचे एक पुडके रंगाच्या रेणूतील एखादा बंध तोडण्याइतके समर्थ असते.

शिवाय प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू हवेतील ऑक्सिजनशी आणि ओलाव्याशी सहज अभिक्रिया करतो. त्यामुळे बंध थेट तुटला नाही, तरी साध्या दृश्य प्रकाशानेही रंग हळूहळू जातो. रंग दिसतो तो रेणूतील एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीमुळे. ती साखळी खंडित झाली की रेणू दृश्य प्रकाश शोषत नाही आणि कापड पांढरे दिसू लागते. हा बदल उलट फिरत नाही. विटलेली जर्सी सावलीत ठेवून पुन्हा तांबडी होत नाही.

किती उजेड म्हणजे जास्त? उजेड लक्स या एककात मोजतात. वस्त्रांसाठी संग्रहालयांत ५० लक्सची मर्यादा पाळतात. भर दुपारचे थेट ऊन सुमारे १,००,००० लक्स असते. आमच्या गोठ्याच्या खिडकीतून रोज दोन तास ऊन येते असे धरा. मग एका दिवसाची मात्रा झाली २,००,००० लक्स-तास. संग्रहालयात ८ तास दिवा लावला तर मात्रा होते ४०० लक्स-तास. भागाकार करा : ५००. म्हणजे आमच्या जर्सीने एका दिवसात जेवढा उजेड खाल्ला, तेवढा संग्रहालयातील जर्सी ५०० दिवसांत खाते!

खिडकीला काच असली तर? काच आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण अडवते, पण ३५० नॅनोमीटरच्या आसपासचे बरेचसे आत सोडते. तेव्हा काचेवर भिस्त ठेवू नये.

अंधारातला शत्रू

आता माझी चूक. डांबरगोळी म्हणजे नॅप्थॅलीन. ते घनरूपातून थेट वायुरूपात जाते. या क्रियेला संप्लवन म्हणतात. बंद पिशवीत ही वाफ कोंडली गेली. छपाईचा आकडा मऊ राहावा म्हणून प्लास्टिकमध्ये तेलासारखे पदार्थ मिसळलेले असतात. जुनेपणामुळे ते पृष्ठभागावर झिरपून चिकटपणा येतोच. त्यात नॅप्थॅलीनच्या वाफेने प्लास्टिक आणखी मऊ केले. उन्हाळ्यात लोखंडी ट्रंक तापली, वरच्या कपड्यांचा दाब पडला आणि आकडा चिकटला.

गंमत अशी की गोळ्यांची तेथे गरजच नव्हती. कपडे खाणाऱ्या पतंगाची अळी लोकर, केस, पीस यांवर जगते. पॉलिएस्टर तिच्या कामाचे नाही. कसर लागते ती खळ दिलेल्या सुती कापडाला, कारण कसरीला खळीतला पिष्ट पदार्थ आवडतो. म्हणून जुने सुती कापड ठेवताना खळ धुऊन काढावी, एवढे पुरे.

सुती जर्सीचा खरा शत्रू म्हणजे आम्ल आणि बुरशी. वर्तमानपत्राच्या कागदातून कालांतराने आम्ल सुटते व ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. घडी घालताना आत वर्तमानपत्र ठेवण्याची आपली सवय म्हणूनच वाईट. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी धरते. मराठवाड्यात उन्हाळा कोरडा असतो, पण श्रावणात ट्रंक उघडून पाहायलाच हवी.

खरी की बनावट?

जुन्या जर्सींना आता किंमत येते, त्यामुळे बनावट जर्सीही निघतात. येथे विज्ञान साक्षीदाराचे काम करते. १९३० सालची म्हणून दाखवलेल्या जर्सीच्या शिलाईत टेरिलीनचा धागा निघाला, तर एक तर ती शिलाई नंतरची किंवा जर्सीच खोटी, कारण टेरिलीनचा जन्मच १९४१ चा. दुसरी कसोटी अतिनील दिव्याची. बनावट नोटा ओळखण्यासाठी दुकानदाराकडे असतो, तोच दिवा. हल्लीच्या धाग्यांना शुभ्रता येण्यासाठी जे पदार्थ लावतात, ते या दिव्याखाली निळसर चमकतात. मात्र कपडे धुण्याच्या पावडरीतही हेच पदार्थ असतात. तेव्हा केवळ चमक दिसली म्हणून कुणाला खोटे ठरवू नका.

तुम्ही करून पाहा

१. गडद रंगाच्या नव्या सुती कापडाची पट्टी घ्या. अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाका आणि रोज उन्हात ठेवा. तशीच दुसरी पट्टी काचेमागे ठेवा. दर आठवड्याला पुठ्ठा काढून तुलना करा व वहीत नोंद ठेवा. ३० दिवसांनी काय दिसते?

२. शिवणीच्या आतून सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून शिक्षकांच्या देखरेखीखाली ज्योतीजवळ न्या. शेजारी पाण्याचे भांडे असू द्या. कापूस कागदासारख्या वासाने भुरुभुरु जळतो व मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो.

जर्सी कशी ठेवावी?

आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने एका कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का ते पाहावे. सुटत नसेल तर थंड पाण्यात रिठ्याच्या फेसाने हलके धुवावे. विहिरीचे पाणी जड असेल तर साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे. पिळू नये. सावलीत आडवे पसरून वाळवावे. छापील आकड्यावर इस्त्री फिरवू नये. मग धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात जर्सी गुंडाळावी. घडीच्या आत मांजरपाटाचीच वळकटी ठेवावी, म्हणजे मोड पडून तंतू तुटत नाहीत. छपाईचे दोन भाग एकमेकांवर येऊ देऊ नयेत. प्लास्टिकची पिशवी नको आणि डांबरगोळ्याही नकोत. वर्षातून दोनदा उघडून पाहावे.

आणखी एक गोष्ट. सोबत एका कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा : जर्सी कोणाची, कोणत्या साली, कोणाविरुद्ध, निकाल काय. ही नोंद नसेल तर पन्नास वर्षांनी ते नुसते फडके ठरते.

पुण्यात रोहन पाटे यांनी उभारलेले 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचे संग्रहालय आहे. नामवंत खेळाडूंच्या बॅटी आणि जर्सी तेथे जपून ठेवल्या आहेत. ते योग्यच आहे. पण तालुक्याला हरलेल्या संघाची जर्सी कोण ठेवणार? तुमच्या शाळेच्या खोलीत, तुमच्या काकांच्या किंवा आत्याच्या ट्रंकेत अशी एखादी जर्सी अजून असेल. तिने कदाचित आज दुपारीच आणखी २,००,००० लक्स-तास खाल्ले असतील.

आमची तांबडी जर्सी मी खुंटीवरून काढली आहे. उजवा खांदा पांढराच राहणार, त्याला इलाज नाही. तिच्यासोबतच्या कागदावर सातही जणांची नावे लिहायला बसलो तेव्हा सहाच आठवली. सातवे नाव विचारायला उद्या शाळेत जाणार आहे. तुम्हीही आपल्या शाळेत चौकशी करा, आणि जमल्यास आजच.