विश्लेषण : ‘अस्सल लेदर’ म्हणजे नेमके काय? कोल्हापुरी चप्पल, बेल्ट, पाकीट घेताना खरे-खोटे कसे ओळखायचे?

लग्नसराई आणि सणासुदीच्या दिवसांत पुण्यातील लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग आणि कॅम्प परिसरात कोल्हापुरी चपलांना मोठी मागणी असते. एकाच ओळीत काहीशे रुपयांचा जोडही असतो आणि काही हजारांचाही. रंग तोच, वेणी तीच आणि ‘हे लेदर आहे का?’ या प्रश्नाचे उत्तरही बहुतेक वेळा एकच : ‘ओरिजिनल आहे.’ प्रत्यक्षात चामड्यासारख्या दिसणाऱ्या अनेक वस्तू कापडावर प्लास्टिकचा थर देऊन तयार केलेल्या असतात. त्या वापरण्यात गैर काही नाही. मात्र चामड्याचे पैसे देऊन रेक्झिन घरी आणणे ही फसवणूक ठरते. त्याचा फटका ग्राहकाबरोबरच हाताने चप्पल घडवणाऱ्या कारागिरालाही बसतो.

चामडे आणि रेक्झिन यांत मूळ फरक काय?

चामडे म्हणजे जनावराची कमावलेली कातडी. ती कोलॅजन या प्रथिनाच्या असंख्य तंतूंनी बनलेली असते. वरच्या बाजूला हे तंतू बारीक आणि दाट असतात, तर खाली जाड आणि एकमेकांत गुंतलेले असतात. हा गुंता कोणत्याही एका दिशेने विणलेला नसल्याने चामडे सहजासहजी फाटत नाही.

रेक्झिनमध्ये खाली विणलेले किंवा दाबून तयार केलेले कापड असते आणि वर पीव्हीसी किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. ‘रेक्झिन’ हे मूळचे ब्रिटनमधील एका उत्पादनाचे नाव. आपल्याकडे ते सगळ्याच कृत्रिम चामड्यासाठी रूढ झाले. ‘पीयू लेदर’, ‘फॉ लेदर’, ‘लेदरेट’ ही त्याचीच बाजारातील नावे. ‘व्हीगन लेदर’ म्हणून विकला जाणारा मालही बऱ्याचदा पीयूच असतो.

‘जेन्युइन लेदर’चा शिक्का असला म्हणजे उत्तम चामडे का?

तसे नाही. जाड कातडीचे यंत्रावर आडवे थर काढले जातात. वरचा, मूळ पोत टिकवलेला थर सर्वांत टिकाऊ. त्याला ‘फुल ग्रेन’ म्हणतात. पृष्ठभाग हलका घासून डाग काढले की ‘टॉप ग्रेन’. खालच्या थराला ‘स्प्लिट’ म्हणतात. त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन कृत्रिम पोत उमटवला की तोही वरून गुळगुळीत, देखणा दिसतो. हे सगळे प्रकार चामड्याचेच, पण त्यांच्या टिकाऊपणात मोठा फरक असतो. ‘जेन्युइन लेदर’ या शब्दांवरून चामडे कोणत्या थराचे आहे, हे कळत नाही.

‘बॉन्डेड लेदर’ हा आणखी वेगळा प्रकार. चामड्याच्या कातरणांचा भुगा करून तो चिकट द्रव्यात मिसळतात आणि त्याचे तक्ते तयार करतात. त्यात चामडे असते, पण तंतूंचा मूळ गुंता उरलेला नसतो. त्यामुळे अशा बेल्ट आणि पाकिटांना लवकर भेगा पडतात.

कोणती चाचणी किती भरवशाची?

कापलेली कड : सर्वांत विश्वासार्ह. बेल्टचे भोक, पाकिटाची आतली घडी किंवा चपलेच्या पट्ट्याचे टोक पाहावे. चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात. रेक्झिनमध्ये वर प्लास्टिक आणि खाली कापड असे दोन सरळ थर दिसतात. कड रंगवून किंवा दुमडून शिवलेली असेल, तर न दुमडलेली जागा शोधावी.

मागची बाजू : चामड्याची मागची बाजू लवदार, खरखरीत असते. तिथे कापडाची वीण दिसली, तर बहुधा ते रेक्झिनच. मात्र अस्तर लावलेले असेल, तर ही चाचणी उपयोगी पडत नाही.

दाबून आणि वाकवून पाहणे : अंगठ्याने दाबल्यावर चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात. रेक्झिन बहुधा नुसते खाली दबते. जाड लेप दिलेले चामडेही तसेच वागते. त्यामुळे केवळ यावरून निष्कर्ष काढू नये.

पोत : खऱ्या कातडीवरील छिद्रे सर्वत्र सारखी नसतात. ठरावीक अंतरावर तीच नक्षी पुन्हा दिसली, तर तो साच्याचा ठसा समजावा.

पाण्याचा थेंब : लेप न दिलेल्या चामड्यात थेंब हळूहळू मुरतो आणि तेवढा भाग गडद होतो. पॉलिश किंवा लेप असलेल्या चामड्यावर मात्र तो रेक्झिनसारखाच ओघळतो. थेंब मुरला नाही म्हणून माल खोटा ठरत नाही.

वास : रेक्झिनवर चामड्याचा वास देणारी द्रव्ये लावता येतात. त्यामुळे हा पुरावा कमकुवत आहे.

जाळून पाहणे : चामड्याला केस जळल्यासारखा वास येतो, रेक्झिन वितळून त्याची गोळी होते. पण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. शिवाय विकत न घेतलेली वस्तू जाळणे योग्य नाही. ही चाचणी टाळलेलीच बरी.

थोडक्यात, वरचा पृष्ठभाग सहज फसवू शकतो. कड आणि मागची बाजू फसवणे अवघड असते.

न वापरताही पर्स आणि बुटांचे पापुद्रे का निघतात?

पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या पर्सचे किंवा बुटांचे पापुद्रे सुटतात, हा अनेकांचा अनुभव. बऱ्याच स्वस्त पीयूमधील रासायनिक बंध हवेतील आर्द्रतेमुळे हळूहळू तुटतात. या क्रियेला जलापघटन म्हणतात. ती वापरावर अवलंबून नसल्याने वस्तू नुसती पडून राहिली तरी थर चिकट होतो आणि सुटू लागतो. चामड्याचे असे पापुद्रे निघत नाहीत. त्याला दमट हवेत बुरशी येते. ती कोरड्या कापडाने पुसता येते. वस्तू हवेशीर जागी, सावलीत वाळवावी. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नये.

कोल्हापुरीची पारख कशी करावी?

पारंपरिक कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावले जाते. जगातील बहुतांश चामडे मात्र क्रोमियमचे क्षार वापरून कमावतात. क्रोमने कमावलेल्या चामड्याची कड, आरपार रंगवलेली नसेल तर, आतून निळसर-करडी दिसते. वनस्पतिजन्य कमावणीच्या चामड्यात तपकिरी छटा आतपर्यंत पोहोचलेली असते.

दुसरी खूण शिलाईची. तळाचे थर चामड्याच्याच वादीने हाताने शिवलेले असतात. पारंपरिक जोडात खिळे नसतात. त्यामुळे टाके यंत्रासारखे एकसारखे नसतात आणि दोन्ही पायांच्या चपलांत किंचित फरक आढळतो. तळासाठी म्हशीचे जाड, तर वेणी आणि नक्षीसाठी शेळीचे पातळ चामडे वापरले जाते. रबरी किंवा प्लास्टिकचा तळ, यंत्राची शिलाई आणि कापडाच्या अस्तराचे पट्टे दिसले, तर तो फक्त कोल्हापुरी ‘डिझाइन’चा जोड समजावा.

चामडे खरे असले म्हणजे ती चप्पल कोल्हापुरी ठरते का?

नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकचे ‘लिडकर’ यांच्याकडे या मानांकनाची संयुक्त मालकी आहे. या जिल्ह्यांबाहेर बनवलेला जोड अस्सल चामड्याचा असला, तरी तो ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येत नाही.

जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मूळ कलेचा उल्लेख न करता सादर केल्या. त्यावर टीका झाल्यानंतर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. त्यानुसार महाराष्ट्र आणि कर्नाटकात २,००० जोड तयार करण्याचे आणि ते सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर झाले. याच कलेच्या जोडाला स्थानिक बाजारात मात्र रेक्झिनच्या नकलेशी किमतीत स्पर्धा करावी लागते.

ही अडचण ओळखून लिडकॉमने २०२५ मध्ये क्यूआर कोडची सोय आणली. कोड स्कॅन केल्यावर कारागीर किंवा बचत गट, जिल्हा, वापरलेला कच्चा माल आणि जीआय प्रमाणपत्राची स्थिती कळते. कोड नसलेला प्रत्येक जोड खोटा असे नाही. पण कोड असेल तर तो दुकानातच स्कॅन करून पाहावा.

फसवणूक झाल्यास काय करता येते?

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर नुसते ‘चप्पल’ न लिहिता ‘लेदर’ किंवा ‘कोल्हापुरी, लेदर’ असे लिहून घ्यावे. विक्रेता तोंडी ‘ओरिजिनल’ म्हणतो पण तेच लिहून द्यायला नकार देतो, तेव्हा ग्राहकाला उत्तर मिळालेलेच असते. मालाबद्दल खोटा दावा करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यातून मार्ग निघाला नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. जीआय नावाचा खोटा वापर करणाऱ्याला १९९९च्या कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

बजेट कमी असेल, तर रेक्झिनचा जोड रेक्झिनच्या भावात घेण्यात काहीच चूक नाही. पण चामड्याचा भाव सांगितला जात असेल, तर पैसे देण्याआधी कड, मागची बाजू, शिलाई आणि बिल या चार गोष्टी नक्की पाहाव्यात. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.